लांब पल्ल्याच्या शूटिंगचं सामान वाहायला दणकट सॅक कशी निवडायची

सॅक घ्यायची म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न लिटरचा विचारतात, ४५ ची घेऊ का ६० ची, मग कप्पे किती, रंग कोणता, आणि असं करत करत जी दिसायला सगळ्यात कडक वाटते ती घरी येते. माझी पहिली सॅक अशीच आली होती. लांब पल्ल्याच्या रायफल शूटिंगचं सामान ट्रेकच्या सामानापेक्षा फार वेगळं असतं, त्यात एक लांबलचक जड वस्तू असते, काही नाजूक काचेच्या वस्तू असतात आणि काडतुसांसारखं छोट्या डब्यात मावणारं पण शिशासारखं जड सामान असतं, आणि हे तिन्ही एकाच पाठीवर नीट बसवायचं असतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की आधी सगळं सामान वजनकाट्यावर ठेवा आणि मग सॅक बघायला निघा.

खरंच ठेवा, अंदाज लावू नका, कारण अंदाज कायम कमीच निघतो. जड बॅरल (नळी) आणि चॅसीवाली (धातूच्या सांगाड्याची) रायफल, स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि बायपॉडसकट (पुढचे दोन पाय) ७-८ किलोला सहज जाते, स्पर्धेसाठी मुद्दाम जड केलेली तर १० च्या घरात. .३०८ कॅलिबरचं एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं असतं, म्हणजे १०० राउंड घेतले की अडीच किलो झाले, डबा वेगळा. चांगला ट्रायपॉड हेडसकट ३ किलो धरा, स्पॉटिंग स्कोप (लांबचं लक्ष्य बघायची एकनळी दुर्बीण) दीड-दोन किलो, अंतर मोजणारा रेंजफाइंडर असलेली दुर्बीण एक किलोच्या आसपास, झोपून नेम धरायची मॅट एक किलो, रिअर बॅग (रायफलच्या मागच्या टोकाखाली ठेवायची पिशवी) वाळूची असेल तर दीड-दोन किलो आणि हलक्या प्लास्टिकच्या मण्यांची असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. हे सगळं मिळून २० किलो कधी ओलांडलं ते कळतसुद्धा नाही, आणि त्यावर दणकट सॅकचं स्वतःचं वजन ३ किलो असतं ते कोणी मोजतच नाही.

ट्रेकवाले सांगतात की पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या २० ते २५ टक्क्यांपर्यंत ठेवावं. ७५ किलोच्या माणसाला म्हणजे १५ ते १९ किलो. वरचा हिशोब त्याच्या पुढे गेलेला आहे. तेव्हा सॅक घेण्याआधीच काय काय घरी राहणार ते ठरवावं लागतं, वाळूची रिअर बॅग काढून मण्यांची घेतली आणि १०० ऐवजी ६० राउंड नेले तर तिथेच दोन किलो कमी होतात, आणि हे दोन किलो कुठल्याही महागड्या पट्ट्याने कमी होणार नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही किती चालणार आहात. गाडीपासून फायरिंग पॉइंट २०० मीटरवर असेल तर रायफल तिच्या पॅडवाल्या केसमध्ये हातात आणि बाकी सामान साध्या मजबूत सॅकमध्ये, इतकं पुरतं, उगाच फ्रेमवाली मोठी सॅक घेऊन काही फायदा नाही. पण दीड-दोन किलोमीटरच्या पुढे चाल असेल, चढ-उतार असेल, दोन्ही हात मोकळे लागणार असतील, तर रायफल सॅकवरच बांधली पाहिजे आणि मग फ्रेम हवीच. खालचं सगळं या दुसऱ्या प्रकारासाठी लिहितोय.

फ्रेम का, तर बिनफ्रेमच्या सॅकमध्ये १५ किलो भरलं की ती पोत्यासारखी खाली बसते, पाठीचा भाग घडी पडून फुगतो आणि सगळं वजन खांद्यांवर येतं. कंबरपट्टा कितीही जाड दिला असला तरी वजन त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये काहीतरी ताठ लागतं. ते काम अॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा जाड प्लास्टिकची शीट किंवा दोन्ही मिळून करतात. दुकानात एक सोपी परीक्षा करा, रिकामी सॅक उभी धरा, एक हात वरच्या हँडलवर आणि खालचा भाग जमिनीवर टेकवून वरून चांगला जोर द्या. मधेच वाकली, दुमडली तर ठेवून द्या, तिथे पुढचं काही बघायची गरजच नाही. आणि पट्ट्या काढता येतात का तेही विचारा, कारण अॅल्युमिनियमची पट्टी काढून आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे हाताने थोडी वाकवता येते आणि त्याने फार फरक पडतो.

आता माप. उंचीवरून सॅक घेऊ नका, सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथून खाली, दोन्ही हात कमरेवर ठेवल्यावर अंगठे जिथे मागे येतात त्या रेषेपर्यंत, टेपने कोणाकडून तरी मोजून घ्या. हे तुमच्या पाठीचं माप. सॅकची पाठ त्याला जुळली पाहिजे किंवा जुळवता आली पाहिजे. जुळली की कंबरपट्टा कमरेच्या हाडावर बसतो, पोटावर नाही, आणि खांद्याच्या पट्ट्यांच्या वरून फ्रेमकडे जाणाऱ्या ज्या छोट्या पट्ट्या असतात त्या साधारण ४५ अंशात मागे वर जातात. त्या आडव्या किंवा खाली जात असतील तर सॅक तुम्हाला आखूड आहे, मग त्या ओढून काही होत नाही. रायफल बांधल्यावर या पट्ट्या जास्तच महत्त्वाच्या, कारण उंच वजन मागे झोके घेतं आणि त्याला पाठीशी धरून ठेवायचं काम त्यांचंच.

घालायची पद्धत पण लिहून ठेवतो कारण बरेच जण उलटी घालतात. सगळे पट्टे सैल करा, सॅक पाठीवर घ्या, आधी कंबरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे, मग वरच्या छोट्या पट्ट्या, शेवटी छातीचा. नीट बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सरकवता येतात. नसेल सरकत तर वजन अजून खांद्यावरच आहे.

रायफल कुठे बांधायची यावर लोकांची खूप मतं आहेत, मी दोन्ही प्रकार वापरलेत म्हणून सांगतो. बाजूला बांधली की काढायला सोपी, सॅक न उघडता हातात येते, पण ८ किलो एकाच बाजूला आलं की माणूस नकळत दुसरीकडे कलतो आणि तासाभरात कमरेची एक बाजू भरून येते. बाजूलाच बांधायची असेल तर विरुद्ध बाजूला ट्रायपॉड आणि पाणी लावून तोल सांभाळा, आणि पाणी पीत जाल तसा तोल बदलतो हेही लक्षात असू द्या. मधोमध, म्हणजे सॅकच्या मुख्य कप्प्याच्या मागे झडपेखाली बांधली तर चालायला खूप छान, तोल एकदम सरळ, पण वजन पाठीपासून लांब जातं, म्हणून अशी सॅक जाडीने कमी हवी, फुगीर नको. मला स्वतःला मधोमधच आवडते. तिसरा प्रकार म्हणजे सॅक आणि फ्रेमच्या मधे रायफल सरकवता येते, असं मिळालं तर उत्तमच, वजन पाठीला चिकटून राहतं, फक्त काढायला वेळ लागतो.

लांबीचा प्रश्न सगळ्यांना चालायला लागल्यावर कळतो. २४ इंची बॅरलची रायफल साधारण ११० ते ११५ सेंटीमीटर असते, वर नळीच्या तोंडावर मझल ब्रेक किंवा सप्रेसर (धक्का किंवा आवाज कमी करणारी जोडणी) असेल तर आणखी. बट (रायफलचं मागचं टोक) फार खाली घेतली तर बसताना ती जमिनीला टेकते आणि उतारावर प्रत्येक पावलाला मांडीच्या मागे आपटते, फार वर घेतली तर नळी डोक्याच्या वर जाऊन प्रत्येक फांदीत अडकते. म्हणून बट ठेवायचा खिसा वरखाली करता येतो का बघा. फोल्डिंग स्टॉक (दुमडणारा दस्ता) असेल तर २०-२५ सेंटीमीटर वाचतात आणि हा त्रास जवळजवळ संपतो. दुकानात रायफल नेता येत नसेल तर घरी तिची लांबी मोजून तेवढी काठी कापून घेऊन जा, काठी बांधून गुडघ्यावर बसा, उठा, वाका, पायऱ्या उतरा.

आणि तो बटचा खिसा, त्यावर थोडं थांबतो कारण मला तिथेच फटका बसलाय. माझ्या पहिल्या सॅकला खिसा छान मोठा होता, आतून फोम, बाहेरून जाड कापड, पण तो सॅकच्या तळाच्या कापडाला नुसता दोन ओळींच्या साध्या शिलाईने जोडलेला होता, त्याच्याखालून फ्रेमकडे जाणारा पट्टा नव्हताच. चौथ्या-पाचव्या वेळी चालताना मागून बारीक टर्र आवाज आला, मला वाटलं काटा लागला असेल, पुढे गेलो. खिशाची डावी कड टाका टाका करत उसवत होती, आणि मी उतारावर उडी मारली तशी उरलेली पण गेली, रायफल खाली सरकून तिरकी झाली आणि स्कोप दगडावर टेकला. काच शाबूत होती, नुसता एलिव्हेशनच्या टरेटवर (नेम वरखाली करायच्या चकतीवर) एक पांढरा ओरखडा. पण कागदी लक्ष्यावर मारून बघितलं तर झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी लागायची जागा यांचा मेळ) हललेला. ०.१ मिल (मिल हे कोनाचं माप) म्हणजे १०० मीटरवर एकच सेंटीमीटर, कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण तेच १००० मीटरवर १० सेंटीमीटर होतं. तो पूर्ण दिवस झिरो करण्यात गेला.

तेव्हापासून मी खिसा उलटा करून बघतो. त्याच्या तळाखालून एक जाड पट्टा यायला हवा आणि तो दोन्ही बाजूंनी वर जाऊन फ्रेमच्या किंवा कंबरपट्ट्याच्या शिवणीत गुंतलेला हवा, म्हणजे वजन पट्टा उचलतो आणि कापड फक्त जागेवर धरून ठेवतं. वरचे आवळायचे पट्टे पण रायफलवर कुठे येतात ते बघा. एक फोरएंडवर (नळीखालचा पुढचा भाग) आणि एक ग्रिपच्या वर किंवा स्टॉकवर यावा. स्कोपवरून जाणारा पट्टा कधीच नको, आवळला की सगळा दाब ट्यूब आणि रिंगांवर येतो. बोल्टचं हँडल बाहेरच्या बाजूला ठेवा नाहीतर ते पाठीत तरी रुततं नाहीतर पट्ट्यात अडकतं. स्कोपला कव्हर, नळीच्या तोंडावर टोपी किंवा चिकटपट्टीचा तुकडा.

सुरक्षिततेचं इथेच सांगतो. सॅकवर जाणारी रायफल रिकामीच असली पाहिजे, मॅगझीन बाहेर, बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं, मग चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) लावायचा. पाठीवरची रायफल तुम्हाला दिसत नाही, त्यामुळे तोंड कुठे आहे हे तुम्हाला कळत नाही. नळी वर करून बांधली असेल आणि तुम्ही बुटाची नाडी बांधायला पुढे वाकलात तर ती सरळ समोरच्या माणसावर येते. म्हणून वाकायचं नाही, गुडघ्यावर बसायचं, पाठ सरळ ठेवून. बऱ्याच रेंजवर रायफल ठराविक जागेपर्यंत बंद केसमध्येच ठेवावी लागते, आणि शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळी, कुलपात न्यायचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधी वाचून घ्या, कारण त्यावरूनही कुठली सॅक चालेल ते ठरतं. उघड्यावर रायफल दिसणं चालत नसेल तर पूर्ण झाकणारी झडप किंवा आतला म्यान असलेलीच सॅक लागेल.

कापडाबद्दल फार गोंधळ असतो. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. कॉर्डुरा नायलॉनमध्ये ५०० आणि १००० डेनिअर हे दोन आकडे सारखे दिसतील. १००० डेनिअर खडकावर घासायला जबरदस्त, पण वजन वाढतं आणि भिजलं की पाणी पण जास्त धरतं. माझं मत असं की अंगाला ५०० आणि तळाला १००० हा सगळ्यात चांगला मेळ, पूर्ण सॅक १००० ची घेऊन अर्धा-पाऊण किलो उगाच वाहू नका. नायलॉन घासण्याला पॉलिएस्टरपेक्षा चांगलं टिकतं, पॉलिएस्टर उन्हाला जास्त चांगलं टिकतं. आतून जो रबरासारखा पॉलियुरेथेनचा थर असतो तो दमट गरम जागी ठेवला की काही वर्षांत चिकट होऊन पापुद्रे निघायला लागतात, म्हणून जुनी सॅक घेत असाल तर आत हात फिरवा आणि वास घ्या, चिकट लागली की सोडा.

कापड सहसा फाटत नाही हो, शिवणच जाते. त्यामुळे दुकानात सगळ्यात जास्त वेळ शिवणीला द्या. खांद्याचा पट्टा जिथे सॅकला लागतो, वरचं हँडल, कंबरपट्ट्याची मुळं, बटचा खिसा, या चार ठिकाणी दाट आडव्या टाक्यांची छोटी पट्टी असते, ती बोटाला खडबडीत आणि कडक लागली पाहिजे, आणि दोन्ही पट्टे हातात धरून जोरात ओढलं तर टाक्यांमधून उजेड दिसायला नको. मग सॅक आतून उलटी करा. कापडाच्या कडा फीत लावून बंद केल्यात का, का नुसत्याच सुटे धागे सोडलेत? फीत नसेल तर घासून घासून कड उसवत शिवणीपर्यंत येते.

चेन मोठी घ्या. चेनवर जो आकडा असतो तो साधारण बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो, मुख्य कप्प्याला १० किंवा किमान ८ नंबर हवा, छोट्या कप्प्यांना ५ चालतो. गुंडाळीच्या दातांची चेन वळणावर चांगली चालते आणि एखाद्या वेळी फाकली तरी रनर मागेपुढे करून परत बसते. चेनवर ताण येऊ नये म्हणून तिच्यावरून आडवे बकलचे पट्टे जात असतील तर फार बरं. धुळीच्या जागेवरून आलात की जुन्या टूथब्रशने दात झाडून काढा, बहुतेक रनर धुळीनेच झिजतात. बकल तुटलं तर शिवण न उसवता बदलता येणारं आहे का एवढं बघा, आणि एक जास्तीचं बकल कायम जवळ ठेवा.

बाहेरच्या आडव्या पट्ट्यांच्या जाळीला, म्हणजे मोलेला, लोक फार भुलतात. २५ मिलिमीटरचे पट्टे, दर ३८ मिलिमीटरवर टाके, त्यात पाउच अडकवायचे, सोय चांगली आहे. पण प्रत्येक पाउच वजन पाठीपासून आणखी लांब नेतो आणि झाडीत अडकतो. मी फक्त कंबरपट्ट्यावर एक छोटा पाउच ठेवतो, त्यात वाऱ्याचा मीटर आणि डोपचं कार्ड (कुठल्या अंतराला स्कोप किती फिरवायचा त्याची नोंद), बाकी सगळं आत.

आत भरताना जड ते पाठीला चिकटून आणि खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीत. म्हणजे काडतुसांचा डबा फ्रेमला टेकून, तळाला नाही आणि बाहेरच्या खिशात तर अजिबात नाही. यामागे आणखी एक कारण आहे जे फार कमी जण लक्षात घेतात, गडद रंगाची सॅक उन्हात ठेवली की बाहेरच्या खिशातली काडतुसं चांगलीच तापतात, बारूद गरम झाला की दाब आणि वेग वाढतो, आणि लांबच्या अंतरावर गोळी वर लागायला लागते, मग माणूस वाऱ्याला नाहीतर स्कोपला दोष देत बसतो. आत, कपड्यात गुंडाळलेला डबा खूप हळू तापतो. दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप मधोमध, आजूबाजूला जॅकेट आणि मॅट. पाण्याची नळीवाली पिशवी मी आत ठेवत नाही, ती गळली तर सगळं ओलं, बाटली बाहेरच्या खिशात बरी.

सॅक पुढे ठेवून त्यावर रायफल टेकवायची वेळ सगळ्यांवर येते, गवत उंच असतं, बायपॉड कमी पडतो. तेव्हा फोरएंड जिथे टेकणार तिथे बकल, चेनचा रनर, प्लास्टिकची कडी असं काही कडक नको, त्यावर रायफल उडते आणि सरकते. फ्रेमवाली सॅक उभी करून बसून नेम धरायला छान होते, आडवी टाकून पालथं झोपून तर अजून छान, फक्त स्पॉटिंग स्कोप आधी बाहेर काढून घ्या. तीन बाजूंनी पूर्ण उघडणारी चेन असेल तर झोपल्या झोपल्या हवं ते काढता येतं, वरून नाडीने बंद होणाऱ्या सॅकमध्ये तळाची वस्तू काढायला सगळं उपसावं लागतं.

ओली सॅक घरी आणली की आधी रायफल बाहेर काढा, पुसा, आणि सॅक सगळ्या चेन उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगा. फोम आतून ओला राहतो, बाहेरून हाताला कोरडा लागला तरी. ओल्या फोममध्ये रात्रभर राहिलेल्या नळीवर गंज धरायला वेळ लागत नाही.

सॅक घेतलीत की लगेच डोंगरावर नेऊ नका. घरी तेवढंच वजन भरा, पाण्याच्या बाटल्या भरल्या तरी चालतील, रायफलच्या जागी ती काठी आणि तिला बांधलेलं वजन, आणि तीन दिवस रोज अर्धा तास जिने चढा-उतरा. पहिल्या दिवशी पट्टे जुळवण्यातच वेळ जाईल. तिसऱ्या दिवशी सॅक खाली ठेवा, उजेडात त्या चारही ठिकाणच्या शिवणी परत बघा, एखादा टाका ताणून लांबलेला दिसतोय का, एखादा धागा सुटून वर आलाय का. दिसला तर बिल अजून जवळ आहे तोवरच परत द्या.